तिला साइटवर जाऊ द्या

प्रश्न : माझी मुलगी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत फोंड्यातल्या एका इमारतीच्या कामावर जायचं म्हणते. पगार नाही, वर दिवसभराचं ऊन. त्यापेक्षा घरी अभ्यास करून गुण वाढवावेत, असं मला वाटतं.
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, तिला जाऊ द्या. मेमध्येच जाऊ द्या, कारण पावसाआधी स्लॅब उरकायची घाई आपल्याकडे तेव्हाच असते आणि बघायला सगळं एकदम मिळतं.

माझंच सांगतो. भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीत मुख्य सळ्या वरच्या बाजूला लागतात, कारण वजन आलं की ताण वर पडतो. परीक्षेत हे लिहून मी पूर्ण गुण घेतले होते. पहिल्या साइटवर सळ्या ड्रॉइंगप्रमाणे बांधलेल्या बघितल्या, सही केली आणि चहाला गेलो. परत आलो तर घमेली घेऊन माणसं त्यांच्यावरूनच ये-जा करत होती आणि सळ्या दबून तळाला टेकल्या होत्या. वर काँक्रीट पडलं असतं तर ती गॅलरी कधीतरी माणसांसकट खाली आली असती. सळ्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या फिटरने काम थांबवलं, सळ्या उचलून खाली चेअर, म्हणजे त्यांना वर धरणारे सळीचेच टेकू, लावले. स्लॅब भरताना जागा सोडायची नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

तिला नुसती हजेरी लावू देऊ नका. ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते बघायचा स्लम्पचा शंकू स्वतः भरावा, काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे क्यूब, म्हणजे ठोकळे, भरून 7 आणि 28 दिवसांनी त्यांची ताकद दाबून बघताना हजर राहावं. सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, 162 ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. आलेला माल असा ताडून बघावा. कव्हर म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर; तो राखायला सळीखाली ठेवतात ते कव्हर ब्लॉक तर मोजावेतच. आपल्या खाऱ्या हवेत कव्हर कमी पडलं की सळी गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

पगाराचं म्हणाल तर निदान जाण्यायेण्याचा खर्च तिने मागावा, त्यात लाज नाही. तुम्ही मात्र आधी एकदा साइटवर जाऊन या. हेल्मेट देतात का, बायकांसाठी संडास आहे का, तिला शिकवणारा इंजिनीअर रोज येतो का, ते बघा. यातलं एक जरी नसलं, तर दुसरी साइट शोधा.