2000+ टाकला, मग बोर्ड 1250 का दाखवतोय?

प्रश्न : माझ्या जुन्या सॉकेट ए मदरबोर्डवर एएमडीचा ड्युरॉन प्रोसेसर होता, तो काढून अ‍ॅथलॉन एक्सपी 2000+ बसवला. पीसी चालू होतो, विंडोजपण नीट येतं, पण बूट होताना स्क्रीनवर 1250 मेगाहर्ट्झ येतं. मला डुप्लिकेट चिप मिळालीय का? की बायॉस (पीसी सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट करू?

उत्तर : चिप बहुतेक अस्सलच आहे, आणि बायॉसला अजून हात लावू नका. आधी एक गोष्ट, 2000+ म्हणजे 2000 मेगाहर्ट्झ नाही, तो एएमडीने दिलेला रेटिंगचा आकडा, या चिपचा खरा स्पीड 1667. तो येतो कुठून, तर चिपच्या आत मल्टिप्लायर, म्हणजे गुणायचा आकडा, ठरलेला असतो 12.5, आणि बसचा (चिपला बाकी बोर्डशी जोडणाऱ्या मार्गाचा) स्पीड बोर्ड देतो, 133 (नेमका 133.33) मेगाहर्ट्झ दिला की गुणून 1667 होतात. आता तुमचे 1250 भागिले 12.5 करून बघा. बरोबर 100! म्हणजे बोर्ड खोटं सांगत नाहीये, चिप खरंच 1250 वर पळतेय, कारण जुन्या ड्युरॉनना 100 ची बस लागायची आणि ते सेटिंग तसंच राहिलंय.

पीसी बंद करा, पॉवरची वायर काढा, मग बोर्डवर 100/133 लिहिलेला जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) किंवा डिप स्विच शोधा. काही बोर्डांवर तो नसतोच, तिथे बायॉसमध्ये सीपीयू क्लॉक किंवा एफएसबी (फ्रंट साइड बस) नावाने ऑप्शन असतो. 133 केलं आणि एकदोन दिवसांनी परत 1250 दिसायला लागलं, घड्याळपण मागे गेलेलं असलं, तर बोर्डवरचा सेल गेलाय, सीआर2032 नवीन टाका (हा सेल बदलायचा सोडून लोक अख्खा बोर्ड बदलतात, काय बोलणार).

पण जंपर हलवायच्या आधी बोर्डचा चिपसेट (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी बोर्डवरची चिप) बघाच. व्हीआयएचा केटी133 असेल तर तिथे 133 ची बस मिळणारच नाही, 1250 वर समाधान मानायचं. नावात शेवटी ए असलेला केटी133ए किंवा पुढचा केटी266 असेल तर 133 चालतं. केटी133 वर बस जबरदस्तीने वर ढकलत बसू नका, बसबरोबर पीसीआयचा (हार्डडिस्क, कार्डं वगैरे ज्यावर चालतात त्या मार्गाचा) क्लॉकपण वाढतो आणि मग हार्डडिस्कवरचा डेटा खराब व्हायची भीती. रॅमपण बघा, पीसी100 ची असेल तर 133 वर मशीन लटकू शकतं.

स्पीड 1667 आला आणि नावात एक्सपी न येता नुसतं अ‍ॅथलॉन आलं, तर तो जुन्या बायॉसचा प्रश्न, त्याला ही चिप ओळखता येत नाही एवढंच. अपडेटचा विचार तेव्हा करा, आणि नाही केला तरी चालेल.

प्रश्न : सॉकेट 7 बोर्डवर पेंटियम एमएमएक्स 233 टाकायचाय, पण जंपरच्या तक्त्यात 3 च्या वर मल्टिप्लायरच नाही. 200 वरच चालवू का?

उत्तर : 1.5 ला लावा. ही चिप 1.5 चं सेटिंग 3.5 असं वाचते, 66 (नेमकी 66.67) ची बस असली की 233 होतात. जुना बायॉस तरी वेगळाच आकडा दाखवेल कदाचित, सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये खात्री करून घ्या. व्होल्टेज मात्र आधी बघा, कोअरला (चिपच्या आतल्या भागाला) 2.8 व्होल्ट लागतात, फक्त 3.3 देणारा बोर्ड असेल तर ही चिप त्यात बसवू नका.