वाचकांचे प्रश्न, सॉलिसिटरची उत्तरे : जाहिरातीविना वकिली

प्रश्न : मला नुकतीच सनद मिळाली असून मी डिचोलीत वकिली सुरू केली आहे. घरात यापूर्वी कोणीही वकील नव्हते. माझ्याबरोबरचे काही जण समाजमाध्यमांवर चित्रफिती टाकून अशील मिळवतात असे दिसते. मीही तसे करावे का? न केल्यास कामे कशी मिळणार?
– एक तरुण वकील, डिचोली

उत्तर : आधी नियम काय आहे ते पाहू, कारण पुष्कळांनी तो ऐकलेला असतो पण वाचलेला नसतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील नियम ३६ नुसार वकिलाने परिपत्रक, जाहिरात, दलाल किंवा वैयक्तिक संपर्क यांपैकी कोणत्याही मार्गाने, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, काम मागू नये. स्वतः चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात वर्तमानपत्रांत मजकूर किंवा छायाचित्रे छापून आणण्यासही मनाई आहे. दारावरची पाटी वाजवी आकाराचीच असावी आणि तिच्यावर आपण अमुक प्रकारच्या कामातील तज्ज्ञ आहोत असे लिहू नये, इथपर्यंत हा नियम जातो. २००८ मध्ये त्यात बदल होऊन वकिलांना संकेतस्थळाची मुभा मिळाली. त्यावर नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे अशी ठरावीकच माहिती देता येते. नियम मोडणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली त्याबद्दल सनद निलंबितही होऊ शकते. तेव्हा 'मी अमुक खटला जिंकून दिला, मला फोन करा' असे सांगणारी चित्रफीत तुम्ही टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा नियम जुनाट आहे असे तुमच्या पिढीला वाटते. मला तसे वाटत नाही. सत्तरच्या दशकात मुंबईतील फौजदारी न्यायालयाच्या दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारांच्या हातातील कागद ओढून घेणाऱ्या वकिलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्या वर्तनाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. न्यायालयाच्या पायरीवर आलेला माणूस घाबरलेला असतो. त्याला वकिलांची तुलना करण्याची उसंत नसते आणि जो मोठ्याने आश्वासन देतो त्याच्या मागे तो जातो. त्या माणसाचे रक्षण हा या नियमाचा गाभा आहे, आणि आज पायरीच्या जागी भ्रमणध्वनीचा पडदा आला एवढ्याने तो गाभा बदलत नाही. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये वकिलांची जाहिरात करणाऱ्या ऑनलाइन मंचांविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश बार कौन्सिलला दिले, ते याच विचाराने.

आता कामे कशी मिळतील याविषयी. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात बसून त्यांचे मसुदे नकलून घ्या, नंतर स्वतः लिहा आणि त्यांच्याकडून खोडून घ्या. माझे शिक्षण मुंबईत सॉलिसिटरांच्या कार्यालयात झाले; तेथे युक्तिवादापेक्षा कागदाला मान होता. खरेदीखतातील चतुःसीमा सर्वेक्षणाच्या नकाशाशी आणि सात-बाराच्या उताऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय मसुदा वरिष्ठांच्या टेबलावर जात नसे. या सवयीनेच मला गोव्यात काम दिले. ज्याचे खरेदीखत पुढे कोणत्याही वादात सापडले नाही, तो पक्षकार आपल्या मेहुण्याला तुमच्याकडे पाठवतो. याला वेळ लागतो आणि त्या काळात पैशांची ओढाताण होते, हे मी लपवणार नाही. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव नोंदवा. मानधन थोडे असते, पण स्वतःच्या नावावर खटला उभा राहतो.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात फोंडा तालुक्यातील घर आम्हा तिघा भावंडांना विकायचे आहे. ग्राहक तयार आहे. मात्र वकील नवनवे कागद मागतात आणि माझ्या पत्नीची, भावजयीची व मेहुण्याचीही सही लागेल म्हणतात. हे खरोखर आवश्यक आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आवश्यक आहे, आणि तुमचे वकील योग्य तेच करीत आहेत. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही येथील कौटुंबिक कायद्याचा पाया तीच राहिली. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीच्या मालमत्तेचे एकत्रीकरण होते. वारसाने आलेला वाटाही त्यात येतो आणि त्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. म्हणून स्थावर मालमत्ता विकताना जोडीदाराची संमती लागते. तुमच्या बहिणीच्या यजमानांची सही मागितली जाते ती याच कारणाने.

त्याआधी वारस कोण हे कागदावर ठरले पाहिजे. आता त्यासाठी २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा आहे. तो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. वाद नसेल तर विशेष नोटरींपुढे वारसांचा दस्त करता येतो; वाटणी ठरवायची असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची कार्यवाही, करावी लागते. भावाला आपला हिस्सा सोडायचा असल्यास तो आता सोडता येईल. वडील हयात असताना लिहून दिलेला त्याग मात्र ग्राह्य धरला जात नाही. तुमच्या पत्रात 'भावाने पूर्वीच लिहून दिले आहे' असे वाक्य आहे. त्या कागदाची तारीख आजच वकिलांना दाखवा.

घराच्या आवारात मुंडकार (मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा, कायद्याचे संरक्षण असलेला रहिवासी) राहतो का, जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामूहिक संस्थेची, आहे का, जुन्या नोंदणीतील पोर्तुगीज वर्णन आजच्या सर्वेक्षण क्रमांकाशी जुळते का, हेही पाहावे लागते. ते वर्णन वाचण्यासाठी मला पोर्तुगीज शिकावी लागली. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात, ज्याची स्थापना १८३२ ची आहे, जुनी राजपत्रे चाळत घालवलेल्या दुपारी मला कायद्याच्या कोणत्याही व्याख्यानाहून अधिक उपयोगी पडल्या, आणि तेथे बसणे मला आजही मनापासून आवडते.

प्रश्न : माझे पती वकील आहेत. जत्रेत, लग्नात नातेवाईक त्यांना एकमेकांच्या खटल्यांविषयी विचारतात आणि ते गप्प राहिले की लोक त्यांना शिष्ट समजतात. त्यांनी थोडे बोलायला काय हरकत आहे?
– एक वाचक, सावर्डे

उत्तर : ताई, हरकत आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि काम संपल्यानंतरही हे बंधन संपत नाही. बेकायदा कृत्य साधण्यासाठी सांगितलेल्या गोष्टींना ते संरक्षण नाही, पण तो अपवाद जत्रेतल्या चौकशीला लागू होत नाही. गोव्यासारख्या लहान प्रदेशात एकाच वाड्यावर वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार राहतात. तेथे 'हो, ते प्रकरण माझ्याकडे आहे' एवढे म्हटले तरी पुष्कळ कळते. त्यांचे मौन तुम्हाला कोरडे वाटत असेल, तरी मला त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

नातेवाइकांपैकी कोणाला खरोखर सल्ला हवा असेल तर त्यांनी कागद घेऊन कार्यालयात यावे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही, हे आपल्या ओळखीच्या बायकांना जरूर सांगा.