‘आज मी तुला वाचवलं’ म्हणणारे साहेब

“माझा बॉस नार्सिसिस्ट आहे, काय करू?” हा प्रश्न हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून तयार निदानासकट येतो. रील्स पाहून झालेल्या असतात, लक्षणं पाठ असतात. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेली ती अशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बसता बसताच म्हणाली, “मॅडम, नऊपैकी सात लक्षणं जुळतात.”

नऊचा आकडा बरोबर आहे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेत आत्मकेंद्री (नार्सिसिस्टिक) व्यक्तिमत्त्वविकाराचे ९ निकष आहेत आणि निदानाला त्यांतले किमान ५ लागतात. पण ते तज्ज्ञाने त्या माणसाला भेटून, त्याचं वर्षानुवर्षांचं वागणं बघून लावायचे असतात. हाताखालच्या माणसाच्या तक्रारीवरून नाही. तुमच्या साहेबांना मी बघितलेलं नाही, तेव्हा त्यांच्यावर शिक्का मारणार नाही, असं मी सांगितल्यावर ती चिडली. “म्हणजे तुम्हीपण म्हणणार, मीच जास्त मनाला लावून घेते?”

तसं अजिबात नाही. त्रास खरा ठरायला साहेबांचं निदान व्हावं लागत नाही. म्हटलं, एकच प्रसंग सांगा, पण जसाच्या तसा.

लाइनवरचा प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचं साधन, झिजला होता. असा गेज बारीक होतो आणि लहान राहिलेल्या भोकालाही ओके देतो. हिने नवीन गेज मागवायला मेल केली होती. साहेबांनी केबिनमध्ये तोंडी सांगितलं, “या महिन्यात खर्च नको, चालव तसंच.” पुढे कस्टमरकडे शाफ्ट बसेना, अख्खा लॉट परत आला. मीटिंगमध्ये साहेब कस्टमरला म्हणाले, “आमच्या क्वालिटीच्या मुलीकडून राहून गेलं, मी स्वतः लक्ष घालतो.” चूक का झाली आणि पुन्हा कशी टाळणार हे कस्टमरला सांगणारा एट-डी रिपोर्ट रात्रभर बसून हिने बनवला, सादर त्यांनी केला. आणि निघताना पार्किंगमध्ये हिला म्हणाले, “आज मी तुला वाचवलं, लक्षात ठेव.”

“आणि मी थँक्यू सर म्हणाले,” हे सांगताना तिचा आवाज गेला.

कडक साहेब आणि असा साहेब यांत लोकांची फार गल्लत होते. कडक साहेब कामावरून बोलतो, सगळ्यांना एकच माप लावतो, काम सुधारलं की गप्प बसतो. बाहेरच्यांसमोर बहुतेक वेळा आपल्या माणसांची बाजूही घेतो. इथे श्रेय वर आणि खापर खाली, हा रोजचा शिरस्ता होता. साधी शंका काढली तरी साहेबांना ती बंडखोरी वाटायची. पहिलं वर्षभर ही त्यांचा ‘उजवा हात’ होती, आणि एका मीटिंगमध्ये त्यांचा आकडा दुरुस्त केल्यापासून बिनकामाची ठरली. आधी डोक्यावर घ्यायचं, मग आपटायचं, याच चक्राने माणूस सर्वांत जास्त गोंधळतो. पहिले दिवस परत येतील, या आशेवर तो राबत राहतो.

ती नेमकी तिथेच अडकली होती. रात्री अंथरुणात ती मनातल्या मनात साहेबांशी भांडायची, आणि त्या भांडणाचा शेवट ठरलेला असायचा. साहेब म्हणतात, “तुझं बरोबर होतं.” मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आम्ही या ‘च’वर बोट ठेवतो: त्यांनी मान्य केलंच पाहिजे. साहेबांनी न्यायाने वागावं ही अपेक्षा रास्त आहे. पण ते मान्य करेपर्यंत मला झोप लागणार नाही, ही अट आपण आपल्यालाच घालतो. बहुधा ते कधीच मान्य करणार नाहीत, हे पचवायला तिला बरेच दिवस लागले. त्यात ती रडली, माझ्यावर रागावलीही.

बाकीची कामं त्यामानाने सोपी. तोंडी सूचना मिळाली की अर्ध्या तासात मेल: “सर, आपल्या आत्ताच्या बोलण्यानुसार जुनाच गेज वापरत आहे. बदल असल्यास कळवावे.” टोमणा नाही, कैफियत नाही. एका वहीत तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द. कंपनीची कागदपत्रं मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, ते उलट तुमच्याच अंगाशी येतं. चारचौघांत डिवचलं तर “तपासून चारपर्यंत कळवते सर” एवढंच. आणि साहेबांना नार्सिसिझमवरचा लेख पाठवायचा तिचा बेत मी हाणून पाडला. त्याने कोणी सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. डूख धरलेली मात्र पाहिली आहे.

एचआरकडे जायचं का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि अंतर्गत समिती आहे. अशा अपमानांसाठी मात्र मदार बहुतेक कंपनीच्या धोरणावरच. म्हणून ‘साहेब त्रास देतात’ असं मोघम न सांगता तारखा आणि मेल घेऊन जावं. तिने तेच केलं. एचआरने ऐकून घेतलं, पुढे काहीच केलं नाही.

दरम्यान रविवारी संध्याकाळपासूनच तिच्या छातीत धडधडायचं. ते ‘टेन्शनमुळेच’ असं मी ठरवून टाकलं नाही, आधी फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर यातलं काहीच करत बसू नका; टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, तो आधी लावा.

घरचं कर्ज होतं, त्यामुळे राजीनामा तोंडावर फेकण्याची चैन तिला परवडणारी नव्हती. नवरा-बायकोने हप्त्यांचा हिशेब मांडला, थोडी शिल्लक टाकली, मगच तिने बाहेर अर्ज करायला सुरुवात केली. अप्रेझलमध्ये साहेबांनी ‘सर्वसाधारण’ शेरा मारला, त्यावर आठवडाभर ती जेवली नाही धड. तरी अर्ज थांबवले नाहीत.

रांजणगावच्या एका कारखान्याचं ऑफर लेटर घेऊन ती आली, तेव्हा तिचा प्रश्न होता: एक्झिट इंटरव्ह्यूत सगळं लिहू का? म्हटलं, वहीतले तारखेसह तीन प्रसंग लिहा, विशेषणं वगळा. नोटीस पिरियड पूर्ण करा, हँडओव्हरची पोच लेखी घ्या. आणि रिलिव्हिंग लेटर, फुल अँड फायनल हिशेबाचे पैसे हातात पडेपर्यंत फेसबुकवर एक अक्षर नको.

“आणि नंतर?” तिने हसत विचारलं.

नंतरचं तुमचं तुम्ही ठरवा, म्हटलं.