ओएसपीएफमध्ये शेजारी राउटर 'एक्सस्टार्ट'वर अडकला, तर आरआयपीकडे वळावे का?

मुख्य कार्यालय आणि दोन शाखा यांचे तीन सिस्को राउटर आपण त्रिकोणात जोडले असून, स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेले मार्ग) सोडून ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना माहिती देऊन मार्ग ठरवण्याची पद्धत) चालू केल्यावर एका लिंकवरचा शेजारी 'एक्सस्टार्ट' या माहितीची देवाणघेवाण सुरू करण्याच्या पायरीपुढे सरकत नाही, म्हणून आरआयपी ही जुनी, साधी मार्ग-पद्धत वापरावी का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे. आरआयपी वाटेत किती राउटर लागतात एवढेच मोजते, लिंकचा वेग पाहत नाही. त्यामुळे त्रिकोणातील थेट लिंक कितीही संथ असली तरी वाहतूक तिच्यावरूनच जाईल.

शेजारी 'एक्सस्टार्ट'पर्यंत पोहोचला, याचा अर्थ हॅलो पॅकेट (शेजाऱ्याची ओळख ठेवणारे छोटे संदेश) दोन्ही बाजूंनी मिळत आहेत आणि एरिया (ओएसपीएफमधील राउटरांचा गट), सबनेट (लिंकवरील पत्त्यांचा गट) व टायमर जुळले आहेत, तेव्हा ते पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नये. यापुढच्या डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये (आपल्याकडील माहितीची यादी सांगणारे पॅकेट) प्रत्येक राउटर आपल्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, लिहितो आणि तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की समोरचा राउटर ते पॅकेट नाकारतो. दोन्ही टोकांना 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' चालवून पाहा. एकीकडे 'एक्सस्टार्ट' आणि दुसरीकडे 'एक्सचेंज' ही पुढची पायरी दिसली, तर बहुधा दोष एमटीयूचाच आहे. मग 'शो आयपी इंटरफेस'मध्ये एका बाजूला १५०० आणि दुसऱ्या बाजूला, कधीतरी टनेलसाठी (पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून पाठवण्याची वाट) कमी करून तसाच राहिलेला, १४०० असा आकडा सापडू शकतो. दोन्हीकडे एकच आकडा ठेवावा. 'आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर' ही आज्ञा अनेक जण सुचवतात. तिने तक्रार थांबते, पण मोठी पॅकेट पुढे गळतच राहतात.

लिंक जुळल्यावरही 'शो आयपी रूट'मध्ये जुनेच मार्ग दिसतील, कारण स्टॅटिक रूटचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्ग कुठून कळला यावरून त्याला मिळणारा पसंतीचा आकडा) १ आणि ओएसपीएफचे ११० असते व लहान आकडा जिंकतो. ते रूट एकदम पुसण्याऐवजी त्यांना २०० हे डिस्टन्स द्यावे, म्हणजे ओएसपीएफ कोसळले तर ते आधाराला राहतील. सर्व स्थिरावल्यावर काढून टाकावेत.

तिन्ही राउटर एरिया ० मध्येच असू द्यावेत, राउटर-आयडी (ओएसपीएफमधील राउटरची ओळख) हाताने द्यावा आणि वापरकर्त्यांच्या बाजूचे इंटरफेस पॅसिव्ह करावेत, म्हणजे त्यांवरून हॅलो जाणार नाहीत. ओएसपीएफ लिंकच्या वेगाची तुलना ज्या आकड्याशी करून कॉस्ट (मार्गाचा भार) काढते, ती संदर्भ बँडविड्थ मुळात १०० मेगाबिट असल्याने १०० मेगाबिट आणि १ गिगाबिट या दोन्ही लिंकची कॉस्ट १ च धरली जाते. ही संदर्भ बँडविड्थ तिन्हीकडे सारखीच वाढवावी, नाहीतर आरआयपीचाच दोष येथे मागच्या दाराने येईल.

शेवटी एक केबल काढून पाहावी. इंटरफेस लगेच डाउन झाला तर मार्ग सहसा काही सेकंदांत बदलतो. पण मध्ये स्विच असेल तर राउटरला लिंक तुटल्याचे कळत नाही आणि इथरनेटवर डेड टायमरचे (हॅलो न आल्यास शेजारी गेला असे मानण्याची मुदत) ४० सेकंद संपेपर्यंत वाहतूक अडते. एवढा वेळ चालणार नसेल, तर लिंकच्या दोन्ही टोकांचे हॅलो आणि डेड टायमर सारखेच कमी करावेत.