गाडी चोरीला गेली, ठाण्यात ‘माणूस नाही’ म्हणतात : फिर्यादीतलं शेवटचं वाक्य आधी वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं वर आलं. बस स्टँडबाहेरून दुचाकी गेली, ठाण्यात ‘आठ दिवस शोधा, मग या’ म्हणाले, ‘सगळे बंदोबस्तात आहेत’ हेही ऐकवलं. आता तुम्ही विचारताय, पोलीस वाढवून मिळावेत म्हणून महापालिकेला निवेदन द्यावं का?

त्याचं उत्तर थोडक्यात: नको. पोलीस हा राज्याचा विषय आहे. पदं मंजूर होतात गृह विभागाकडून, पगारही तिथूनच. महापालिकेकडून फार तर रस्त्यावरचे दिवे मागा. गाड्या आणि कॅमेऱ्यांसाठी कधीकधी जिल्हा नियोजन समितीतून पैसे मिळतात. तेव्हा निवेदन द्यायचंच तर आमदारांना द्या. पण ती लढाई लांबची आहे, तुमच्या गाडीची आजची आहे.

मी वकील नाही. आमचंही शहर पोलीस आयुक्तालय नसलेलं, म्हणून खाली अधीक्षक (जिल्ह्याचे पोलीस प्रमुख) म्हणतोय. तुमच्याकडे आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्त समजा.

माझं सगळ्यात मोठं नुकसान चोरानं केलं नाही, फिर्यादीतल्या एका वाक्यानं केलं. गाडी गेली त्याच संध्याकाळी मी ठाण्यात होतो. गुन्हा दाखल करून घेतला नाही, साधा अर्ज घेतला आणि ‘चौकशीवर’ ठेवला. दर वेळी ठाणे अंमलदार (तक्रार नोंदवून घेणारा) वेगळा, आमच्या भागाचा बीट अंमलदार बंदोबस्ताला. शेवटी वरून फोन गेला तेव्हा गुन्हा दाखल झाला. छापून हातात आलेल्या फिर्यादीत शेवटी होतं: ‘मी माझे मोटारसायकलचा आजपावेतो शोध घेतला, परंतु ती मिळून आली नाही, म्हणून आज रोजी उशिराने तक्रार देत आहे.’ हे मी बोललोच नव्हतो. नंतर कळलं की हे ठरलेलं वाक्य आहे, चोरीच्या कितीतरी फिर्यादींत जसंच्या तसं सापडतं. ठाण्यानं लावलेला उशीर अशा रीतीनं माझ्या नावावर जमा झाला.

विमा कंपनीनं नेमकं तेच वाक्य अधोरेखित करून दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा गुरशिंदर सिंग प्रकरणातला निकाल ग्राहकाच्या बाजूचा आहे: गाडीचोरीत विमा कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. पण त्यात मेख आहे, गुन्हा लगेच नोंदवलेला हवा. कागदावर माझा लगेच नव्हता. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्ही आजच लेखी अर्ज करा. त्यात गाडी कधी गेली, तुम्ही ठाण्यात पहिल्यांदा कधी आलात आणि काय उत्तर मिळालं, हे तारीख-वेळेसह लिहा. बारनिशीत (आलेले कागद नोंदवतात तिथे) देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणाले तर तिथेच थांबा. तरीही पोच दिली नाही तर तोच मजकूर स्पीड पोस्टानं अधीक्षकांना पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) मध्ये ही सोय आहे. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी, पण त्या अर्जाला शपथपत्र लागतं, तेव्हा वकील गाठा. फिर्याद वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि तिची प्रत फुकट मिळते. उशिराचं कारण लिहायचा रकाना वेगळा असतो, तोही बघा. त्यात ‘यापूर्वी अमुक तारखेस अर्ज दिला होता’ असं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

‘प्राथमिक चौकशी चालू आहे’ असं सांगतील. तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत तशी चौकशी करता येते, पण डीवायएसपींची (पोलीस उपअधीक्षकांची) पूर्वपरवानगी हवी आणि १४ दिवसांत ती संपवावी लागते. परवानगी कधी घेतली, एवढंच नम्रपणे विचारा.

आता मनुष्यबळाचं. हवालदारांवर माझा राग नाही. बारा-बारा तास ड्यूटी, सण आला की रजा बंद. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, पण आपल्यासारख्या शहरांत माणसंच नसतील तर पाळ्या कशा लावणार? तरी माझं मत ठाम आहे: तपासाला माणसं लागतात, गुन्हा नोंदवायला ठाण्यात बसलेला एक अंमलदार पुरतो. उलट गुन्हे अर्जांतच जिरवले की आकडे कमी दिसतात, आणि कमी आकड्यांवर वाढीव पदं मागायची कशी? या पद्धतीत नुकसान पोलिसांचंही आहे.

हे तपासायचं असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारा: ठाण्याची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि त्यातले दुसरीकडे संलग्न (म्हणजे नाव इथे, काम दुसरीकडे) किती. तिसरा प्रश्न विसरू नका. पट भरलेला दिसतो आणि माणसं भलतीकडेच असतात.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोलीस तक्रार प्राधिकरणाचं कोणीतरी सुचवेलच. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं जिल्ह्यालाही असं प्राधिकरण हवं म्हटलं. आपल्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग एवढेच स्तर आले. कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, खंडणी अशा गंभीर बाबींत तिथे जरूर जा. दुचाकीसाठी अधीक्षकच जवळचे.

गुन्हा दाखल झाल्यावर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. गाडी नाहीच सापडली तर ‘अ’ समरीच्या (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा अहवाल) मागे लागा, विमावाले तो कागद मागतात. गाडीच्या दोन्ही चाव्याही मागतील. त्या लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नका.