वाचकांचे प्रश्न : जखम पेरिटोनियमच्या आत गेली का?

प्रश्न : मी अमेरिकन रुग्णालयांच्या नोंदींचे कोडिंग करते, म्हणजे नोंदीतील निदानांना ठरावीक कोड देते. भरती झालेल्या एका रुग्णाच्या नोंदीत एवढेच लिहिले होते : ‘चाकूचा वार, पोटाच्या उजव्या खालच्या भागात ३ सेंटिमीटरचे लॅसरेशन, जखम फॅशियापर्यंत, तपासून शिवली.’ मी एस३१.११३ए लावला, तर ऑडिटमध्ये एस३१.६१३ए का नाही, अशी विचारणा झाली. योग्य कोड कोणता?

उत्तर : आपण दिलेल्या शब्दांवर एस३१.६१३ए लावता येणार नाही. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेत वापरली जाणारी निदानांची कोडसूची) पोटाच्या भिंतीच्या उघड्या जखमांचे दोन गट आहेत. पेरिटोनियमच्या (पोटाला आतून अस्तर असलेल्या पातळ पडद्याच्या) पोकळीत न शिरलेल्या जखमा एस३१.१ मध्ये येतात आणि शिरलेल्या एस३१.६ मध्ये. त्यापुढचे अक्षरस्थान जखमेचा प्रकार सांगते, म्हणजे लॅसरेशन (चिरलेली वा फाटलेली जखम) आहे, टोचल्याची जखम आहे की चावा, आणि आत बाह्यवस्तू राहिली आहे का. सहावे स्थान पोटाचा भाग सांगते (३ म्हणजे उजवा खालचा भाग) आणि सातवे उपचाराचा टप्पा. आपल्या दोन कोडमध्ये फरक आहे तो फक्त चौथ्या स्थानाचा, आणि तो पूर्णपणे खोलीवर ठरतो.

फॅशिया (स्नायूंवरचे चिवट आवरण) आणि पेरिटोनियम हे वेगळे थर आहेत. ‘फॅशियापर्यंत’ याचा अर्थ फॅशिया अखंड होती असाही होऊ शकतो आणि ती छेदली गेली पण पेरिटोनियम शाबूत राहिले असाही. पोकळीत शिरल्याचा उल्लेख नसेल, तर कोडसूचीची अनुक्रमणिका आपल्याला ‘न शिरलेली’ याच गटाकडे नेते, त्यामुळे आपला कोड नोंदीशी सुसंगत आहे. तरीही पोटात चाकू लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. सीटी स्कॅनच्या अहवालात पोटाच्या पोकळीत मुक्त हवा (जखम आत शिरल्याची संभाव्य खूण) दिसल्याचा उल्लेख असेल किंवा रुग्णाला निरीक्षणासाठी ठेवले असेल, तर शल्यचिकित्सकांना लेखी शंका पाठवावी. भरती रुग्णाच्या बाबतीत केवळ स्कॅनच्या अहवालावरून आपण स्वतः निदान ठरवू नये.

शंका विचारताना उत्तर सुचवू नये, हे पथ्य फार महत्त्वाचे आहे. ‘जखम पेरिटोनियममध्ये शिरली होती असे लिहावे का?’ हा प्रश्न चुकीचा ठरेल. त्याऐवजी असे विचारावे : ‘तपासणीत जखमेची खोली किती आढळली? त्वचा व त्वचेखालचा थर, फॅशिया अथवा स्नायूपर्यंत, पेरिटोनियम अखंड, पेरिटोनियम भेदलेले, अन्य, ठरवता आले नाही.’ शेवटचे दोन पर्याय गाळले, तर डॉक्टरांवर दबाव आणल्यासारखे होते.

उत्तर ‘पेरिटोनियम भेदलेले, लहान आतड्याला चीर’ असे आले, तर चित्र आणखी बदलते. मग एस३६.४ गटातील आतड्याच्या दुखापतीचा कोडही लागेल. सर्वांत गंभीर दुखापत कोणती, हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतात आणि तिचा कोड आधी येतो. अशा रुग्णात तो बहुधा आतड्याचाच असतो व पोटाच्या भिंतीची जखम त्याच्यानंतर. पेरिटोनियम भेदले गेले, पण कोणत्याही अवयवाला इजा झाली नाही, तर एस३१.६ एकटा पुरतो. चाकू अपघाताने लागला की हल्ल्यात, हे सांगणारा बाह्यकारणाचा कोड वेगळा असतो आणि तो कधीही पहिल्या क्रमांकावर येत नाही.

प्रश्न : पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे टाके दहाव्या दिवशी उघडले आणि त्याला पुन्हा दाखल करावे लागले. वरिष्ठ म्हणतात की ही जखम जुनी आहे, म्हणून एस३१ लावून सातवे अक्षर डी द्यावे. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही सूचना चुकीच्या आहेत. एस३१ अपघाती वा बाह्य कारणाने झालेल्या जखमेसाठी आहे. शस्त्रक्रियेची जखम उघडणे ही गुंतागुंत असून ती टी८१.३ मध्ये मोडते. बाहेरची जखम उघडली असेल, तर टी८१.३१, आणि आतले थर सुटले असतील, तर टी८१.३२ चा गट पाहावा. त्यात आता अधिक बारीक विभागणी झाली आहे. जखमेत संसर्ग झाला असेल, तर वरवरच्या संसर्गासाठी टी८१.४१, खोल संसर्गासाठी टी८१.४२ आणि अवयव वा पोकळीतील संसर्गासाठी टी८१.४३ आहे. कोणता थर बाधित आहे, हे इथेही डॉक्टरांनीच लिहिलेले असले पाहिजे, आणि ही स्थिती शस्त्रक्रियेमुळे उद्भवली असा संबंधही नोंदीतून दिसला पाहिजे.

सातव्या अक्षराचा गोंधळ सर्वत्र दिसतो. ए म्हणजे पहिली भेट असे अनेकांना शिकवले जाते, तेथूनच घोळ सुरू होतो. ए सक्रिय उपचार चालू असताना लागते, मग रुग्ण कितव्यांदा आला असला तरी. आणि गुंतागुंतीच्या कोडमध्ये सक्रिय उपचार त्या गुंतागुंतीवर चालू आहेत का, हे पाहायचे असते. आपल्या रुग्णाची उघडलेली जखम नुकतीच उपचाराला घेतली आहे, म्हणून टी८१.३१एक्सए (एक्स फक्त रिकामे स्थान भरतो). ती बरी होत असताना नेहमीच्या पाहणीसाठी तो आला, की डी. रुग्णाची शस्त्रक्रिया सिझेरियन असेल, तर मात्र टी८१ बाजूला ठेवून प्रसूतीच्या प्रकरणातील ओ९०.० लावावा लागेल.

प्रश्न : मी निवासी डॉक्टर आहे. कोडिंग विभागाकडून वारंवार शंका येतात. जखमेची नोंद कशी लिहिली, तर त्या कमी होतील?

उत्तर : एका वाक्यात बसणारी ही गोष्ट आहे : ‘डाव्या वरच्या भागात ४ सेंटिमीटरचे लॅसरेशन, काचेमुळे, स्नायूपर्यंत, पेरिटोनियम अखंड, काचेचा तुकडा काढला, थरांमध्ये शिवली.’ ‘पोटावर जखम, ड्रेसिंग केले’ या नोंदीवरून भाग, खोली, बाह्यवस्तू आणि प्रकार यांपैकी काहीच ठरत नाही व कोड अनिर्दिष्ट गटात जातो. लांबी निदानाच्या कोडसाठी लागत नाही. ती जखम शिवण्याच्या सीपीटी कोडसाठी (सीपीटी म्हणजे वैद्यकीय प्रक्रियांची कोडसूची) लागते, कारण तेथे दुरुस्तीचा प्रकार, शरीराचा भाग आणि सेंटिमीटर या तिन्हींवर कोड ठरतो. जखमेची खोली शोधण्यासाठी ती वाढवून तपासली असेल, तर तेही लिहावे. पोट, कूस व पाठ यांच्या भेदक जखमेच्या शोधासाठी २०१०२ हा स्वतंत्र कोड आहे, पण त्याच वेळी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागली, तर तो लावत नाहीत.