आठ वर्षांच्या मुलीला उपवास, श्रद्धा वगैरे घरातल्या घरात कसं शिकवावं? काही अ‍ॅक्टिव्हिटी सुचवा.

सुरुवात संकष्टीने करा, एकादशीने नको. एकादशी दुसऱ्या दिवशी द्वादशीला सुटते, लहान पोराला ते फार लांब पडतं. संकष्टीला चंद्र दिसला की पान वाढलेलं, आणि त्या वाट बघण्यातच तुमची अ‍ॅक्टिव्हिटी आली.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मुलगा नऊ वर्षांचा, श्रावणातली संकष्टी, स्वतःहून म्हणाला मी पण धरणार. आम्ही ठाण्यात राहतो. त्याला कामं वाटून दिली, दूर्वा निवडून 21ची जुडी बांधायची, कालनिर्णयात चंद्रोदय बघायचा आणि रात्री गच्चीवर पहारा द्यायचा. दुपारी खिचडी, संध्याकाळी केळं, साडेआठपर्यंत साहेब खुशीत. मग आभाळ भरून आलं, श्रावणच तो. खाली मोदक झाकून ठेवलेले आणि वास जिन्यातून वर येतोय. चंद्रोदयाची वेळ टळून गेली तरी चंद्राचा पत्ता नाही. याने वैतागून आत्याला फोन लावला, ती नागपूरला असते. आत्या म्हणाली, "अरे आमच्याकडे केव्हाच दिसला, जेवणंसुद्धा झाली." नागपूर आपल्या पूर्वेला सहा-एक अंश, म्हणून तिथे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, हे मी त्याला तिथेच पाण्याच्या टाकीवर खडूने गोळा काढून समजावलं. पोरगं गोळ्याकडे बघत म्हणालं, "बाबा, चंद्र एकच आहे ना? मग आत्याने बघितलेला मला चालेल का?"

मी म्हटलं चालेल. ढगाकडे तोंड करून अर्घ्य दिलं आणि खाली येऊन त्याने पाच मोदक हाणले.

फोन चालूच होता. ताई सुरू झाली, हे असले लाड करून ठेवतोस, चंद्र स्वतः बघितल्याशिवाय संकष्टी सुटत नाही, आज ही पळवाट काढली उद्या दुसरी काढेल. आणि हे सगळं ती जेवून, बडीशेप चावत सांगत होती. ढग असले की पंचांगातली वेळ धरून लोक जेवतातच की, पण तिला ते ऐकायचं नव्हतं.

आता हिचं जुनं आहे. मी दहा वर्षांचा असताना आषाढीला कोठीच्या दाराआड आदल्या दिवशीची पोळी गुळाबरोबर खाल्ली होती, ताईने जाऊन आबांना सांगितलं. आबा मारणारे नव्हते, फक्त एवढंच म्हणाले, "पांडुरंगाने बघितलं." त्या रात्री मी भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीकडे पाठ करून झोपलो. पुढे कितीतरी वर्षं उपवास धरले ते भीतीपोटी, आणि चोरून खाल्लं तेही सफाईने. म्हणून पाप लागेल, देव रागवेल हे असलं मुलीशी बोलूच नका.

आणि नियमांचंच म्हणाल तर बऱ्याच घरांत उपवासाला आपली हळद चालत नाही, पण बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं मुळात अमेरिका खंडांतून आलेलं, ते मात्र चालतं. ताईच्या सासरी कोथिंबीर चालत नाही, माझ्या सासरी चालते. मुलीने विचारलं तर हे सरळ सांगा, उगाच शास्त्रीय कारणं जोडत बसू नका.

अजून एक, ऋषिपंचमीच्या भाजीला तिला मंडईत न्या. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही एवढं सांगा आणि भाज्या तिलाच शोधू द्या. आमच्या पोराने भर मंडईत विचारलं, मग ट्रॅक्टरचं चालतं का? मला काही सुचेना. भाजीवाल्या मावशी माठाची जुडी देत म्हणाल्या, "बैल दमतो रे राजा, ट्रॅक्टर कुठे दमतो!"

राहिलंच, शाळेच्या दिवशी पूर्ण उपवास नको, ताप-सर्दी असेल तर मुळीच नको, निर्जळ तर विषयच सोडा. नुसत्या साबुदाण्यावर ठेवू नका, दूध, दही, फळं द्या. दुपारी म्हणाली भूक लागली, तर ताट वाढा आणि वर टोमणा मारू नका. आणि मुलगी आहे म्हणून हरतालिका आत्तापासून तिच्या गळ्यात मारू नका, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

ताई, तू हे वाचणार मला माहितीय. पुढच्या अंगारकीला ठाण्याला ये, ढग आले तर बघू कोण आधी पानावर बसतं.